कडू कवठाची चिठ्ठी

माझ्या पायांना इसब होता, तिथूनच सुरुवात करायला हवी. थंडी पडली की घोट्यांच्या वरची कातडी खरखरीत व्हायची, मग खाज सुटायची आणि खाजवून खाजवून पाणी यायचं. भोरला आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. दादा, म्हणजे माझे वडील, एका कचेरीत कारकून होते. आईने माझ्या पायांवर काय काय करून पाहिलं नसेल! कडुलिंबाचा पाला झाला, गंधकाचं मलम झालं, शेवटी दवाखान्यातलं जांभळं औषध आलं. ते लावून शाळेत गेले की मुली "वांगं आलं, वांगं आलं" म्हणून टाळ्या वाजवायच्या. तेव्हापासून मी परकर जितका खाली ओढता येईल तितका ओढून, पाय आत घेऊन बसायला शिकले. ती सवय अजून गेलेली नाही. आमच्या सुना आपसांत म्हणतात, सासूबाई बसतात मात्र अगदी मर्यादेत. त्यांना काय ठाऊक, ही मर्यादा वांग्याच्या भीतीने आलेली आहे ते.

सुट्टी लागली की आम्ही वेल्ह्याकडच्या आमच्या गावी जायचो. नसरापूरला एसटी बदलायची, विंझर मागं पडलं की डोंगर जवळ यायला लागायचे, आणि जिथं कंडक्टर "चला, उतरा, पुढं गाडी न्हाई" म्हणायचा तिथून ओढ्याच्या कडेने तास-दीड तास चालायचं. घरी काका, काकी आणि त्यांची मुलगी इंदूताई. काका फारसं बोलत नसत. त्यांच्या वाटणीचं काकी बोलायची. ती घाटाखालची, महाडच्या अंगाची. उंच, हाडापेराने मोठी, आणि डाव्या हाताचं एक बोट पुढून वाकडं. भात कांडताना मुसळ बसून ते तसं झालं होतं. सकाळी मला जाग यायची ती त्या कांडपाच्या आवाजाने. पहिल्या काही दणक्यांत घर दचकायचं, मग तो आवाज असा लागून जायचा की थांबला तरच कळायचं. चुलीवर आंबेमोहोराचा भात रटरटायला लागला की वास पार गोठ्यापर्यंत जायचा. नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं, नशीब असेल त्या दिवशी ओढ्यातल्या खेकड्यांचा रस्सा. भोरला दादांच्या पगारात आम्ही काही उपाशी नव्हतो, पण पोट भरलं असं मला गावीच वाटायचं.

माझे पाय काकीने पहिल्यांदा पाहिले तेव्हा ती हसलीच. "अगं बया, येवढ्यासाठी दवाखाना करता व्हय?" म्हणाली आणि तुळईला टांगलेली बाटली काढली. आत पिवळट तेल होतं, थंडीने थिजलेलं, आणि वास असा की मी नाक दाबलं. रोज तिन्हीसांजेला माझे पाय मांडीवर घेऊन ती ते तेल चोळायची. तिचे तळहात इतके खरबरीत की खाज त्यांनीच निम्मी जायची. आठ-दहा दिवसांत कातडी मऊ पडायची. भोरला परत येऊन महिना झाला की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न, पण निदान तेवढा महिना मी परकर ओढत नसे.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत ते फळ मला सापडलं. ओढ्याच्या पलीकडे एक सरळसोट, गर्द पानांचं झाड होतं. गावात तसं दुसरं नव्हतं आणि त्याला काय म्हणतात हे कुणाला सांगता येत नव्हतं. विचारलं की "ओढ्यावरलं झाड" म्हणत, जणू ओढ्यावर ते एकटंच होतं. त्याच्या बुडाशी तपकिरी गोळे पडलेले होते. मुठीपेक्षा मोठे, वर मऊ लव, आणि आत इतके टणक की दगडावर दोनदा आपटला तेव्हा एक फुटला. आत पांढुरका मगज आणि त्यात कोनाकोनांच्या बिया गच्च बसवलेल्या. असं फळ मी कधी पाहिलं नव्हतं. मी ते ओट्यात घालून घरी आणलं, तर काकीच्या सुपात तसल्याच बिया वाळत पडलेल्या!

"खष्टेल हाय ते," काकी म्हणाली. "खायाचं न्हाई बरं का. मासं मरत्यात यानं. याच्या बियांचंच तेल लावते की तुला. आमच्या खाली घरोघरी असतं. कुनाला खरूज, कुनाला नायटा, कुनाच्या टाचा फुटल्याल्या. नवी नवरी हितं आले, पयल्यांदा धुनं घेऊन वढ्यावं गेले, आन् ह्ये झाड दिसलं. म्या तर रडलेच बघ. म्हायेरचं मानूस भेटल्यावानी वाटलं."

एका झाडाचं रडू यावं, हे मला तेव्हा कळलं नाही. मी फक्त एवढंच धरून बसले की हे झाड दुर्मीळ आहे. कारण शाळेत आमच्या शास्त्राच्या बाईंनी सुट्टीआधी जाहीर केलं होतं, की प्रदर्शनात जी मुलगी कुणालाही न ओळखता येणारी वनस्पती आणेल आणि तिची खरी ओळख पटवून देईल, तिला बक्षीस. माझ्या नावावर तोवर एकही बक्षीस नव्हतं. माझ्या नावावर वांगं होतं.

सुट्टी संपल्यावर दोन फळं पिशवीत घालून मी भोरला आले आणि ओळख पटवायच्या मागे लागले. एसटीतच कंडक्टरने सांगून टाकलं, "कवठ हाय, नासल्यालं." शेजारच्या आजी म्हणाल्या, बेल. नीट पाहा म्हटल्यावर म्हणाल्या, मग रानबेल. दादांच्या कचेरीतल्या एका गृहस्थांनी ते संस्थानाच्या वेळी बाहेरून आणलेलं विलायती झाड असल्याचं छातीठोक सांगितलं. कुठल्या बागेत आहे म्हटल्यावर त्यांना काम आठवलं. बाईंना मी काकीचं नाव सांगितलं, पण त्यांच्या पुस्तकात खष्टेल नव्हतं. "घरगुती नाव चालणार नाही," त्या म्हणाल्या. "जाणकार माणसाकडून खात्री करून आण." माझ्या डोक्यात नुसता गोंधळ. जितक्यांना विचारावं तितकी झाडं वाढत होती, आणि प्रत्येकाचा आवाज असा की शंका घेणंच पाप. परवा माझ्या नातवाने फिरायला गेल्यावर एका फुलापुढे मोबाईल धरला आणि क्षणात नाव सांगितलं. मी त्याला म्हटलं, अरे, खाली उपयोग दिला असेल तो जरा जपून वाच. तो हसला.

शेवटी बाजारातल्या काष्ठौषधीच्या दुकानात गेले. तिथल्या म्हाताऱ्या दुकानदाराने चष्मा वर सरकवला, फळ फोडलं, एक बी नखाने सोलून नाकाला लावली आणि म्हणाला, "कडू कवठ. घाटाखालचा माल. इथं कुठं गावलं तुला?" मी ओढा सांगितला. उपयोग काय म्हणून विचारलं. "महारोगावर तेल लावतात याचं. मोठं औषध आहे, पोरी. पूर्वी वैद्य लांबून मागवायचे." मी वहीत सगळं लिहून घेतलं आणि मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "माझी काकी दर वर्षी काढते हे तेल." त्याने माझ्याकडे पाहिलं. मग फळाचे दोन्ही तुकडे कागदात गुंडाळून, कागदाचं टोक चिमटीत धरून माझ्यासमोर ठेवले आणि आत जाऊन हात धुतले. मला वाटलं, बियांचा चिकटपणा असेल.

प्रदर्शनाची चिठ्ठी मी पुठ्ठ्यावर, बोरूने, सुंदर अक्षरात लिहिली. नाव, कडू कवठ. सापडल्याचे ठिकाण, आमच्या गावाचं नाव. उपयोग, बियांचे तेल महारोगावर लावतात. विशेष माहिती, माझ्या काकी हे तेल दर वर्षी घरी काढतात. खाली माझं नाव, आडनावासकट. उपयोगाच्या ओळीत "इसबावर" असंही लिहिता आलं असतं. जागा होती. पण तसं लिहिलं असतं तर मुलींनी लगेच माझ्या पायांकडे पाहिलं असतं. शिवाय इसबापेक्षा महारोग हा शब्द भारदस्त वाटत होता. मी एवढंच केलं, की स्वतःला त्या चिठ्ठीतून वगळलं. बाकी सगळं अक्षर न् अक्षर खरं होतं.

मला दुसरं बक्षीस मिळालं. एक कंपासपेटी. त्याच संध्याकाळी दादा कचेरीतून आले ते चपला न काढता दारातच उभे राहिले. त्यांनी कंपासपेटी पाहिली, बक्षिसाचं विचारलं नाही, आईला आत बोलावलं. भिंतीपलीकडून मला दादांचा आवाज तेवढा येत होता. "इंदूच्या सासरकडचा मामा... त्याची मुलगी शाळेत... वाचून आला... कचेरीत सगळ्यांसमोर विचारलं मला." इंदूताईचा साखरपुडा त्याआधी दोन महिने झाला होता. मुलगा पुण्याला गिरणीत होता, माणसं चांगली होती, काकाकाकी आनंदात होते. त्या सासरच्या मामांना माझी चिठ्ठी आवडली नाही, एवढं मला समजलं. का आवडली नाही, ते समजेना. महारोग हा शब्द मला पुस्तकातल्या धड्यासारखा ठाऊक होता. तो कुणाच्या घराला चिकटवता येतो, हे ठाऊक नव्हतं. आज त्या आजाराला गोळ्या आहेत, माणूस ठणठणीत बरा होतो. त्या वेळी नुसत्या नावाने पंगत उठायची. आई बाहेर आली ती माझ्यावर ओरडली नाही. तिने माझ्या पायांकडे पाहिलं आणि परकर खाली ओढला.

पुढच्या रविवारी आम्ही सगळे गावी होतो. विहीणबाई आणि ते मामा अकराच्या सुमाराला आले. काकीने आदल्या दिवशीच तांदूळ कांडून ठेवले होते. तिने पानं मांडली, भाकऱ्या थापायला बसली. विहीणबाई सोप्यातूनच म्हणाल्या, "माझं पान नका वाढू, आज उपास हाय." मामा म्हणाले, "माझाबी." मी मनात मोजलं. सोमवार नाही, चतुर्थी नाही, एकादशी होऊन गेली. काकीने चहा ठेवू का विचारलं. "चा बी चालत न्हाई आमाला." तांब्याभर पाणी आणलं, तर आत्ताच पिऊन आलोय म्हणाले. काकी तांब्या घेऊन उभीच राहिली. मग आई उठली आणि म्हणाली, "मी वरईची भगर करते, उपासाची." त्याच चुलीवर, त्याच घरातल्या पाण्याने आईने भगर केली आणि विहीणबाईंनी ती दोनदा मागून घेतली. मी आईकडे पाहिलं, काकीकडे पाहिलं. असला कसला उपास, असं मी विचारणार होते, पण इंदूताईने माझा दंड इतका जोरात दाबला की डोळ्यांत पाणी आलं.

खाणं झाल्यावर विहीणबाईंनी काकीला समोर बसवलं. "हात दावा जरा," म्हणाल्या. काकीने दोन्ही हात पुढे केले. त्या वाकड्या बोटावर मामांची नजर गेली ती तिथून हलेना.

"मुसळ बसलं व्हतं," काका म्हणाले. त्या दिवशी ते पहिल्यांदा बोलले. "गाव साक्षीला हाय. पायजे तर उद्या भोरला डाक्टरला दावतो."

"डाक्टरचा कागद तुमी कुनाकुनाला दावनार, पावनं?" मामा म्हणाले. ते रागावून बोलत नव्हते. उलट त्यांचा चेहरा पडला होता, आणि मला वाटतं त्यांनाही तो उपास जड जात होता.

"ते ऱ्हाऊ द्या," विहीणबाई म्हणाल्या. "मला येवढंच सांगा. तुमी ते तेल काडता, ते लावता कुनाला?"

आता सगळं सुटलं, असं मला वाटलं. इतकं सोपं उत्तर होतं. मी उंबऱ्यावर बसले होते, परकराच्या आत माझे दोन्ही पाय होते, दोन दिवसांच्या थंडीने पुन्हा लाल झालेले. मी तोंड उघडलं. काकीने तेवढ्यात माझ्याकडे पाहिलं.

"सुमे, म्हशीला पानी दावून ये."

"आत्ताच काकांनी..."

"दावून ये म्हनते ना!"

काकी माझ्यावर ओरडल्याचं मला दुसरं काही आठवत नाही. मी गोठ्यात गेले. म्हशीने पाण्याकडे बघितलंसुद्धा नाही. कुडाच्या फटीतून मला काकीचा आवाज ऐकू आला, "मीच लावते. माझ्या टाचांना." आई तिथेच चुलीपुढे बसलेली होती. ते तेल कुणाचं आहे हे तिला माहीत होतं. माझ्या आईला खोटं बोलताना मी तोवर कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशीही ती खोटं बोलली नाही, नुसती गप्प राहिली.

मी परत आले तोवर ठरलं होतं. लग्न मोडायचं नाही, पण काकीने मांडवात दिसायचं नाही. पोरीला ताप आला, मूल झालं, काहीही झालं तरी तिने त्यांच्या उंबऱ्याला यायचं नाही. कुणी विचारलं तर माहेरी भाऊ आजारी आहे म्हणून सांगायचं. काकीने मान हलवली आणि भाकऱ्यांची टोपली झाकून ठेवली. त्या भाकऱ्या संध्याकाळी आम्हीच खाल्ल्या. दादा नेहमी दोन खायचे, त्या दिवशी त्यांनी चार खाल्ल्या, एकापाठोपाठ एक. का ते मला कळलं नाही.

लग्न माघात झालं. तीन दिवस आधी काकी पहाटे उठली, इंदूताईच्या रुखवताच्या करंज्या पुन्हा एकदा मोजल्या आणि डोक्यावर गाठोडं घेऊन काकांबरोबर घाटाच्या वाटेने निघाली. इंदूताई दारात नव्हती. ती आत उखळापाशी बसली होती. मी जवळ गेले तर म्हणाली, "तू ते कशाला लिव्हलंस गं?" एवढंच. हळद लावताना बाया विचारत होत्या, आई कुठाय. माझी आई सांगत होती, भाऊ आजारी आहे. कन्यादानाला काकाकाकींच्या जागी आत्या आणि त्यांचे यजमान बसले. आधी आईदादांना बसायला सांगितलं होतं, पण आईने पाय मुरगळल्याचं निमित्त केलं आणि मांडवाच्या मागे भांड्यांपाशी जाऊन बसली. अक्षता पडल्या तेव्हा मी डोंगराकडे पाहत होते. सनईचा आवाज घाटाखाली जातो का, याचा विचार करत होते. जात नाही. मी पुढे एकदा ती वाट चालून पाहिली, पहिल्या वळणालाच गाव ऐकू यायचं बंद होतं.

इंदूताईचं पहिलं बाळंतपण आमच्याकडे भोरला झालं, सासरची तशी अट होती. बाळ दोन महिन्यांचं झाल्यावर दादा तिला पोहोचवायला एसटी स्टँडवर गेले आणि काकी गावाहून तिथे आली. नातवाला तिने गाडी सुटेपर्यंत घेतलं. असंच तिने पुढची सगळी नातवंडं पाहिली, स्टँडवरच्या बाकावर. दहा-बारा वर्षांनी विहीणबाई गेल्या आणि मग कुणीच काही आठवण ठेवली नाही. काकीची कातडी शेवटपर्यंत नितळ होती.

माझा इसब सोळाव्या-सतराव्या वर्षी आपोआप गेला. पुढे माझं लग्न झालं, चांगलं झालं. पाहायला आलेल्या बायकांनी मला चालायला लावलं, पाय पाहिले, पसंत केले. त्या दिवशी काकी स्वयंपाकघरात होती आणि माझ्या होणाऱ्या सासूबाईंनी तिच्या हातचे पोहे खाल्ले. मी ते खाणं घासाघासाने मोजत होते. पण मी विचारलं मात्र काही नाही. कसं विचारणार? विचारायला आधी कबूल करावं लागतं.

विचारलं ते फार उशिरा. काकीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, ती आठ दिवस आमच्याकडे राहिली होती. डोळ्यांवर हिरवी पट्टी, त्यामुळे माझं धाडस झालं असावं. दुपारी जेवणं झाल्यावर मी तिला म्हटलं, काकी, त्या दिवशी तू मला गोठ्यात धाडलंस. खरं सांगितलं असतंस, हे तेल या पोरीच्या खाजेसाठी आहे, तर ती माणसं हसून जेवायला बसली असती. इंदूताईच्या लग्नात तुला उभं राहता आलं असतं. का नाही सांगितलंस?

ती हाताने चाचपत होती, बहुतेक पाण्याचं भांडं. मी ते तिच्या हातात दिलं. ती सगळं पाणी प्याली, आणि मी काही खुळ्यासारखं विचारलंय असं थोडं हसली.

"अगं, इंदीचं ठरल्यालं व्हतं," ती म्हणाली. "तुजं ठरायचं व्हतं."